गौरव, जखमांसकट

ख्रिस्ती कुटुंबाची निधनवार्ता वाचली की ‘प्रभूघरी गेले’ किंवा ‘प्रभूमध्ये निद्रिस्त झाले’ हे शब्द हमखास भेटतात. स्मरणसभेत पाळक सांगतात की आपले बंधू आता गौरवात आहेत, इथले दुखणे सरले, इथला त्रास संपला. बाजूला बसलेल्या हिंदू शेजाऱ्याला यात वेगळे काही वाटत नाही. त्याच्याकडे ‘वैकुंठवासी’ असते, यांच्याकडे हे आहे. देह मातीला, आत्मा देवाला. बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांचीही समजूत याहून फार निराळी नसते. दुःखाच्या घरात शब्द काटेकोरपणे तोलायचे नसतात हे मान्य. पण हीच समजूत रविवारच्या प्रवचनातून वर्षानुवर्षे सांगितली जाते तेव्हा तिचा हिशेब मागायला हवा. विश्वासणाऱ्याचे गौरवीकरण ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातली तारणाची शेवटची पायरी. नव्या करारात ती ज्या रीतीने मांडली आहे त्यावरून ती आत्म्याच्या सुटकेची गोष्ट ठरत नाही. ती शरीराची, सगळ्यांची मिळून आणि याच पृथ्वीची गोष्ट आहे. त्यामुळे या शिकवणीचा वापर करून दुखावलेल्या माणसाला गप्प बसवणे म्हणजे तिला उलटी टांगणे होय.

आधी शिकवण काय आहे ते पाहू. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल एक साखळी मांडतो: देवाने ज्यांना आधीपासून ओळखले त्यांना नेमले, नेमले त्यांना बोलावले, बोलावले त्यांना नीतिमान ठरवले आणि नीतिमान ठरवले त्यांचा गौरवही केला. शेवटचे क्रियापदसुद्धा भूतकाळी आहे. जे अजून व्हायचे ते झाल्यासारखे लिहिले आहे. एवढाच भाग उचलला तर वाटते की विश्वासणाऱ्याचे आरक्षण पक्के, आता गाडीची वाट पाहायची. पण याच अध्यायात थोडे आधी पौलाने अट घातली आहे की ख्रिस्ताच्या दुःखात जे वाटेकरी होतात तेच त्याच्या गौरवातही होतात. आणि लगेच तो सबंध सृष्टीकडे वळतो. सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे, नाशाच्या दास्यातून सुटून देवाच्या लेकरांच्या गौरवाच्या मोकळेपणात यायची वाट पाहत आहे, असे तो म्हणतो. आपण स्वतःही कण्हतो, तेही शरीराच्या मुक्ततेसाठी. शरीरापासून मुक्तता तो मागत नाही. फिलिप्पैकरांना तो सांगतो की ख्रिस्त आपले हीन अवस्थेतले शरीर बदलून आपल्या गौरवी शरीरासारखे करील. ज्या पौलाला देहद्वेष्टा म्हणून हिणवले जाते त्याच्या पत्रांत शेवटची आशा सतत देहाभोवती फिरत राहते.

शुभवर्तमानांत तर गौरव या कल्पनेची रीतसर उलथापालथ झालेली दिसते. मार्कने सांगितलेला प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. याकोब आणि योहान, जब्दीचे दोघे पुत्र, येशूकडे वशिला लावायला येतात: तुम्ही गौरवात याल तेव्हा आमच्यापैकी एकाला उजवीकडे बसवा, एकाला डावीकडे. येशू म्हणतो, काय मागता ते तुम्हाला कळत नाही. त्या जागा देणे माझ्या हाती नाही, त्या ज्यांच्यासाठी नेमल्या आहेत त्यांच्या आहेत. पुढे पाच अध्यायांनी मार्क वधस्तंभाचे वर्णन करतो आणि नेमके नोंदवतो की त्याच्याबरोबर दोन लुटारूंना खिळले, एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे. मार्कसारखा काटकसरी लेखक हे उगाच लिहीत नाही. गौरवाच्या आसनाच्या दोन्ही बाजूंच्या जागा कोणाला मिळाल्या हे तो वाचकाला दाखवतो. योहान आणखी पुढे जातो. त्याच्या शुभवर्तमानात येशू आपल्या गौरवाची घटका आली असे म्हणतो तेव्हा त्याला मरणाची घटका अभिप्रेत असते. या दोघांना वाचल्यावर गौरव म्हणजे झगमगाट आणि सिंहासन एवढेच चित्र मनात धरणे कठीण आहे.

आणि मग थोमाचा प्रसंग. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना दिसतो, पण थोमा तेव्हा तिथे नसतो. तो म्हणतो, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. आठवड्याने येशू येतो आणि खुणा पुढे करतो. आपण संशयी थोमाची गोष्ट म्हणून ही सांगतो, पण तिच्यातली विलक्षण बाब खुणांची आहे. मरणावर मात केलेल्या, बंद दारांतून आत येणाऱ्या, ज्या शरीराचा नमुना सगळ्या विश्वासणाऱ्यांना पुढे मिळायचा आहे त्या शरीरावर जखमा शिल्लक आहेत. त्या भरून सपाट झालेल्या नाहीत. देवाला चट्टे पुसता आले नसतील असे कोणी म्हणणार नाही. मग ते ठेवले आहेत असेच म्हणावे लागते. त्यांच्यावरूनच ओळख पटते. अमेरिकी धर्मशास्त्रज्ञ नॅन्सी आयस्लँड स्वतः अपंग होत्या. त्यांनी १९९४ मध्ये ‘द डिसएबल्ड गॉड’ या पुस्तकात याच प्रसंगावर आपला विचार उभा केला. गौरवी देह म्हणजे निर्दोष, सुबक, तरुण देह ही चित्रकारांनी रुजवलेली कल्पना आहे; शुभवर्तमानात तिला आधार सापडत नाही. माझ्या सगळ्या प्रतिपादनाचा कणा हाच आहे. जखमा गौरवातही उरत असतील, तर अन्यायाचा पुरावा देव पुसून टाकत नाही.

हे सगळे केळझरसारख्या गावातल्या वाचकाला कशाला, असे कोणी विचारील. वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातले हे गाव नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. टेकडीवरच्या सिद्धिविनायकासाठी ते प्रसिद्ध. गावात बौद्ध विहारही आहे. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, इथेच भीमाने बकासुराला मारले, अशी गावाची श्रद्धा. पण ज्या रस्त्यावर केळझर आहे त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना आणि अधेमधे या शिकवणीची कसोटी पाहणारी माणसे होऊन गेली. नागपुरात तर तिच्या तिन्ही मोठ्या परंपरा नांदतात. सेमिनरी हिल्सला ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून नाव पडले ती कॅथलिक परंपरा देवाच्या साक्षात दर्शनावर भर देते. कळमेश्वरकडे मलंकारा ऑर्थोडॉक्स सेमिनरी आहे. पूर्वेकडील ती परंपरा माणूस देवाच्या स्वभावात सहभागी होत जातो असे मानते आणि मरणाची वाट न पाहता ती वाढ आजच सुरू धरते. आणि स्कॉटिश प्रॉटेस्टंट परंपरा हिस्लॉप कॉलेजच्या नावात आहे. तिच्यासह सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभारले तेही नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी.

स्टीफन हिस्लॉप हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी. त्यांनी १८४६ मध्ये नागपुरात शाळा काढली. शिकवता शिकवता ते दगड गोळा करीत. नागपूर परिसरातले जीवाश्म, खनिजे, गोंडांच्या चालीरीती आणि गीते, सगळ्याच्या त्यांनी नोंदी केल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला होते. तिथली प्राचीन शिलावर्तुळे, म्हणजे लोहयुगातल्या माणसांच्या कबरी, ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्यासोबत पाहिल्यावर बोरीकडे परतताना पावसाने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय ४५. त्यांचे आदिवासींविषयीचे टिपण टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. टाकळघाटचे रीतसर उत्खनन शंभरेक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव यांनी केले. दिवसभर दुसऱ्यांच्या कबरी निरखून संध्याकाळी स्वतः मरण पावलेला हा माणूस ज्या परंपरेत वाढला, तिची १६४७ ची प्रश्नोत्तरी शिकवते की विश्वासणाऱ्याचा आत्मा मरताच गौरवात जातो. पण शरीरही ख्रिस्ताशी जोडलेलेच राहते आणि पुनरुत्थानापर्यंत कबरीत विसावते. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. कबरीतले हाडही ख्रिस्ताशी जोडलेले आहे असे मानणाऱ्याला ते टाकाऊ म्हणता येत नाही, मग ते स्कॉटिश मिशनऱ्याचे असो की टाकळघाटच्या वर्तुळाखालच्या अनामिकाचे. हिस्लॉप यांना त्या अनामिकाविषयी नेमके काय वाटत होते हे मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण परक्यांच्या कबरींकडे आणि गोंडांच्या गीतांकडे त्यांनी दिलेले लक्ष, हे जग सोडून जायची घाई असलेल्या माणसाचे नव्हते.

इथे विज्ञानाचा आक्षेप समोर येतो, आणि तो रास्त आहे. हाड झिजते, काळ्या मातीत तर लवकरच. देहाचे कण गवतात जातात, गवत गुरे खातात, गुरे माणूस खातो. मग पुनरुत्थानात कोणता कण कोणाचा? हा प्रश्न विज्ञानाने आणलेला नाही. ऑगस्टीनने पाचव्या शतकात ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात नरभक्षकाचे उदाहरण घेऊन त्याच्याशी झटापट केली होती. माझ्या मते ती झटापट अनाठायी होती, कारण पौलाने करिंथकरांना उत्तर देताना कणांचा हिशेब मांडलेलाच नाही. तो बियाकडे बोट दाखवतो. पेरतो ते उगवणारे अंग नसते, नुसता दाणा असतो. केळझरच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पहिल्या पावसानंतर टोबलेली सरकी उकरून पाहिली तर तिचे टरफल कुजलेले असते आणि वर दोन पाने आलेली असतात. त्या पानांत सरकीचा कोणता कण उरला असे कोणी विचारीत नाही, आणि तरी ते झाड त्या सरकीचेच असते. यातून पुनरुत्थान सिद्ध होते असा माझा दावा नाही. ते श्रद्धेचे विधान आहे, प्रयोगशाळेचे नव्हे. पण ते विधान काय म्हणते एवढे तरी नीट समजून नाकारावे. चर्चनेही हळूहळू हे पत्करले आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला मोकळीक दिली. २०१६ मध्ये मात्र बजावले की अस्थी वाऱ्यावर उधळू नका, घरात मांडू नका, पवित्र जागी ठेवा. देवाला राखेची अडचण नाही. आपण त्या राखेशी कसे वागतो हा मुद्दा आहे.

दुसरा आक्षेप मराठी मनाला अधिक जवळचा. शेवटी हा मोक्षच ना, मग देहाचे ओझे कशाला? आपल्याकडे सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता अशा चार मुक्ती सांगितल्या आहेत आणि गौरवीकरण वरवर पाहता सरूपतेच्या जवळ जाते. पण आपल्याच परंपरेत देहावाचूनची मुक्ती सगळ्यांना गोड वाटली नाही. वारकरी संतांनी मुक्तीपेक्षा भक्ती मागितली, त्यासाठी पुन्हा जन्म घ्यायची तयारी दाखवली, आणि तुकोबा वैकुंठाला गेले ते सदेह, असे महाराष्ट्राने मानले. त्या घटनेचा ऐतिहासिक वाद इथे नको. पण लोकमानसाला आपल्या लाडक्या संताचा देह मागे टाकवला नाही, हे त्या कथेतून दिसतेच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे वाटे, ते उगीच नव्हे. फरक आहे तो वेगळ्या ठिकाणी. मोक्ष एकट्याला मिळू शकतो; गौरवीकरण एकट्याचे होत नाही. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय जुन्या काळच्या श्रद्धावंतांची मोठी यादी देतो आणि शेवटी सांगतो की आपल्यावाचून त्यांना पूर्णत्व मिळू नये अशी देवाची योजना आहे. म्हणजे अब्राहामसुद्धा रांगेत थांबला आहे, मागून येणाऱ्यांसाठी. प्रकटीकरणाच्या शेवटी माणसे वर जात नाहीत. नगर खाली येते आणि राष्ट्रे आपापले वैभव घेऊन त्यात शिरतात. स्मरणसभेतल्या ‘वर गेले’ या भाषेत हे नगर खाली यायला जागाच उरत नाही.

नगर जर खालीच यायचे असेल तर जमिनीचे काय करायचे हा धर्मशास्त्राचा प्रश्न होतो. केळझरहून पंचविसेक किलोमीटरवर वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा राहिले आणि राबले. तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबातला, लंडनला हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस गांधींच्या ग्रामोद्योग संघाचा कणा होता. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, मैल्याचे खत हे त्यांचे विषय. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी येशूच्या शिकवणीवर लिहिले आणि ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ही लिहिले. अर्थव्यवस्थेचे त्यांनी परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहजीवी आणि सेवामय असे पाच प्रकार केले, तेही सृष्टीतल्या व्यवहारावरून. जमिनीतून काढायचे तेवढे काढून परत काही न देणारी शेती त्यांच्या हिशेबात लुटारू. चर्चवरही त्यांनी कोरडे ओढले: साम्राज्याच्या बाजूने उभे राहणारे बिशप येशूचे नाव कशाला घेतात, हा त्यांचा सवाल होता. त्यांना मी गौरवीकरणाचे भाष्यकार ठरवीत नाही. त्यांचा ओढा परलोकाच्या चर्चेकडे नव्हता. पण रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय खरा मानला, सृष्टीचे कण्हणे आणि माणसाचे गौरव एकाच दाव्याला बांधलेले आहेत हे मानले, तर मगनवाडीतला खताचा खड्डा कोणत्याही वेदीइतकाच या शिकवणीच्या जवळ आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी आत्महत्याग्रस्त म्हणून मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात कापसाचे शेत, कर्ज आणि फवारणीचे विष या गोष्टी प्रवचनाबाहेर ठेवून गौरवाविषयी बोलणारा पाळक पौलाचे अर्धेच पत्र वाचतो.

सगळ्यांत जड आक्षेप मात्र या रस्त्याच्या नागपूर टोकाकडून येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्याआधी त्यांनी ख्रिस्ती धर्माचाही विचार केला होता आणि त्यावर लिहिलेही होते. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखनाच्या पाचव्या खंडात धर्मांतरित ख्रिश्चनांच्या स्थितीवरचा लेख आहे. त्यातला एक मुद्दा थेट इथे लागू पडतो. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य जेव्हा विचारतो की माझी ही अवस्था का झाली, तेव्हा त्याला सांगितले जाते की माणसाच्या पापामुळे. समाजाच्या रचनेमुळे असे सांगितले जात नाही. त्यामुळे तो चर्चमध्ये शिरतो आणि अन्यायाविरुद्ध उठायची त्याची ऊर्मी मावळते. ही टीका पापाच्या शिकवणीवर आहे, पण तिची दुसरी बाजू गौरवाची शिकवणच आहे. तुझ्या दुःखाचे कारण मागे, आदामात; तुझ्या दुःखाचा मोबदला पुढे, स्वर्गात; मधल्या आयुष्यात पाटलाला आणि सावकाराला कोणी काही विचारायचे नाही. असा सौदा असेल तर बाबासाहेबांनी तो नाकारला यात नवल नाही.

या आक्षेपाला उत्तर देताना ख्रिस्ती लेखक सहसा शाळा आणि दवाखान्यांची यादी पुढे करतात. यादी खोटी नाही. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुलींना केडगावला नेले. अचलपूर-परतवाड्याजवळ कोठारा येथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. पण त्या यादीने उत्तर होत नाही, कारण बाबासाहेबांचा प्रश्न सेवेचा नव्हता, बंडाच्या बळाचा होता. शिवाय तीच सेवा या शिकवणीवाचूनही झाली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम उभे केले. सेवाग्रामला गांधी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची स्वतः मालिश करीत. यांपैकी कोणाचीही श्रद्धा गौरवीकरणावर टेकलेली नव्हती. झडलेल्या बोटांच्या हाताला हात लावण्यासाठी पौल वाचावा लागत नाही, हे ख्रिस्ती माणसाने सरळ कबूल करावे. शिकवणीचा उपयोग इतरांना कमी लेखण्यासाठी नाही. ती मानणाऱ्याच्या पळवाटा बंद करण्यासाठी आहे. जो मानतो की हेच हीन ठरवलेले शरीर गौरवाला जायचे आहे, त्याला त्या शरीराशी आज हीनपणे वागायची सोय उरत नाही.

म्हणून बाबासाहेबांना द्यायचे उत्तर, दिलेच तर, थोमाच्या प्रसंगातून द्यावे लागेल. मोबदला देऊन जखम विसरायला लावणे हे गौरवीकरण नव्हे. ज्याला खिळले त्याच्या खुणा पुढे करून ‘पाहा’ म्हणणे हे गौरवीकरण. ती खूण आरोपही असते. रोमी सत्तेने आणि धर्मसत्तेने मिळून काय केले याचा पुरावा तिथे कायमचा आहे, पुनरुत्थानानेही तो दडपला गेला नाही. हे वाचन धर्मग्रंथाला धरून आहे असे मला वाटते. पण चर्चने तसे वाचले का? बहुतांशी नाही, हे मान्य करावेच लागते. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूरला कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत उभी राहिली. एकाच पुनरुत्थानाची वाट पाहणाऱ्या मृतदेहांना जातीने अलग करणारी ती भिंत शिकवणीचे खंडन विटांनी करते. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधील अस्पृश्यतेची कबुली दिली. कबुलीला उशीर झाला, तरी ती कागदावर आली.

आणि हा कागद कोर्टकचेरीच्याही कामाचा आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने सवलती मुख्यतः हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच आहेत. मद्रासच्या रस्त्याकडेला बसणाऱ्या सूसाई नावाच्या चर्मकाराला तो ख्रिस्ती म्हणून सरकारी टपरी नाकारली गेली. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला. न्यायालयाचे म्हणणे असे की धर्मांतरानंतरही जातीचा जाच तेवढ्याच तीव्रतेने चालू आहे हे पुराव्याने दाखवायला हवे होते. या निकालामागे जे गृहीत आहे ते मला ओळखीचे वाटते: बाप्तिस्म्याने जखम पुसली जाते. न्यायालयाने ते हवेतून काढले नाही. आमच्यात जात नाही असे चर्चच व्यासपीठावरून सांगत आले होते. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये सवलतींचा धर्माशी संबंध तोडायची शिफारस केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा आयोग नेमला. धर्मांतराने जातीचे व्रण जात नाहीत हे अशा आयोगापुढे दाखवायचे असेल तर चर्चच्या प्रतिनिधींना सेवाकार्याचे अहवाल पुरणार नाहीत. आपल्या दफनभूमींचे नकाशे, लग्नाच्या नोंदवह्या आणि पाळकांच्या नेमणुकांच्या याद्या त्यांना स्वतःच टेबलावर मांडाव्या लागतील.